बिनओळंब्याची गवंडी

आमच्या घरात कपडे मी शिवतो आणि भिंती बायको बांधते. हे ऐकून ज्यांना हसायचंय त्यांनी एकदाच मनसोक्त हसून घ्यावं, दुसऱ्यांदा हसलेलं मला खपत नाही. मी मुळात तापट माणूस. हातात कायम कात्री असते म्हणून लोक जरा बेतानं बोलतात, एवढंच.

तर आमची ही गवंडी आहे. तिचे वडील गवंडी होते. त्यांना मुलगा नव्हता, आणि असता तरी थापी मी हिच्याच हातात दिली असती, असं ते स्वतः चारचौघांत सांगायचे. बांधकामावर तिला नावानं कोणी हाक मारत नाही. तिला म्हणतात ओळंबा. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं लोखंडी वजन. भिंतीच्या कडेनं दोरी सोडायची, वजन डुलायचं थांबलं की भिंत सरळ आहे का कललीय ते दिसतं. जगातले सगळे गवंडी तो वापरतात, ही वापरत नाही. मान मागे टाकते, एक डोळा मिटते आणि सांगते, "सरळ", नाहीतर "पाडा". सुरुवातीला मुकादमानं तिच्या नकळत दहा वेळा दोरी सोडून बघितली म्हणे. दहाही वेळा हिचंच खरं निघालं. मग त्यानं ओळंबा पेटीत ठेवून दिला आणि त्याचं नाव हिला दिलं.

हे तिच्या डोक्यात थोडं गेलं होतंच, खोटं कशाला बोलू? भिंतीवरचं कॅलेंडर असो, पडद्याची कड असो, नाहीतर पाहुण्यांचा भांग असो, ही एक डोळा मिटून बघणारच. एकदा मी शिवलेल्या कोटाकडे बघून म्हणाली, "खिसा एक सूत खाली आहे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीस वर्षं शिवतोय मी, मला सांगते! दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. तिसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर गुपचूप टेप लावली. एक सूतच होतं.

अशा बाईला चक्कर आली तर काय होईल, याचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता.

सकाळचे सहा वाजले असतील. ती झोपेत उजव्या कुशीवर वळली आणि दुसऱ्याच क्षणी तिनं माझ्या बनियनला असा हिसका दिला की मी खाली पडता पडता वाचलो. "अहो उठा," ती ओरडली, "भिंत येतेय अंगावर. पोरीला घ्या, बाहेर चला." झोपेतल्या माणसाला असं सांगितल्यावर तो काय चौकशी करत बसणार? मी अर्ध्या चड्डीवर, लेकीच्या तोंडात ब्रश, आणि ही आम्हा दोघांना धरून, डोळे घट्ट मिटून, दाराच्या चौकटीवर आपटत गल्लीत. तिथं तिनं दिव्याच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली. समोरचे गृहस्थ पेपर घ्यायला आले होते, ते पेपर न घेताच आत गेले.

घर जागच्या जागी उभं होतं. एक तडा नाही, पोपडा नाही. पडणार कसं? तिनंच बांधलेलं.

मिनिटभरात तिचं फिरणं थांबलं. गटाराशी बसून ओकली, तोंड धुतलं आणि डोळे उघडून घराकडे बघितलं. "उभी आहे की," म्हणाली, जरा खट्टू होऊनच. दुसरं कुणीही असतं तर म्हणालं असतं, मला भोवळ आली. हिला वाटलं, घर पडतंय. आपलं डोकं फिरलं असेल ही शंकाच तिच्या मनाला शिवली नाही. मी म्हणालो, डॉक्टरकडे चल. ती म्हणाली, पित्त झालंय. लेक म्हणाली, आज कामावर जाऊ नकोस. त्यावर तिनं डबा उचलला आणि गेली.

पुढचं मला मुकादमानं सांगितलं. तीन मजली इमारत, आणि तिच्या एका कडेला गोल जिना. त्या जिन्याच्या गोल भिंतीचं काम हिच्याकडे होतं. सरळ भिंतीला कोपरा असतो, कोपरा धरून पुढं जाता येतं. गोल भिंतीला धरायला काही नाही, सगळा खेळ नजरेचा. त्या दिवशी ती तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर, म्हणजे बांबूंच्या त्या उंच सांगाड्यावर होती. मान मागं टाकून तिनं वरचा थर बघितला आणि एकदम बांबू धरून खाली बसली. थोड्या वेळानं उठली, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "पाडा." पाच थर. ओळंबा बोलला म्हणजे बोलला. विटा उतरवल्या. तिनं परत बघितलं आणि म्हणाली, खालचीही पाडा.

खालची म्हणजे आदल्या आठवड्यात बांधलेली, पक्की झालेली भिंत. तिला हातोडा लावायचा म्हणजे खेळ नाही. मुकादम खाली उतरला, पेटीतून तो जुना ओळंबा काढला, धूळ पुसली आणि वर येऊन दोरी सोडली. भिंत तंतोतंत सरळ होती. पाडलेले पाच थरही सरळच असणार, हे सगळ्यांना कळून चुकलं. सगळे हिच्या तोंडाकडे बघायला लागले. हिनं दोरीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "दोरीच कललीय."

मुकादम म्हणाला, मास्तर, एवढी वर्षं काम करतोय, पण असलं वाक्य पहिल्यांदा ऐकलं. दुपारी तो स्वतः तिला घरी सोडायला आला. मला बाजूला घेऊन म्हणाला की जिन्याचं काम पुढच्या सोमवारपर्यंत तो थांबवून धरेल. त्यानंतर मात्र दुसरा गवंडी बोलवावा लागेल, कारण वरचं छत त्या भिंतीवर टेकणार आहे. तो हळू बोलत होता, पण तिनं आतून ऐकलंच. सोमवारपर्यंत वर चढायचं, नाहीतर तो जिना गेला आणि त्यासोबत ते नावही गेलं. बांधकामावर एकदा खाली आलेल्या गवंड्याला परत वर कोण बोलावतं?

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. चक्करसाठी कान कशाला दाखवायचा म्हणून मी लेकीशी हुज्जत घातली होती, पण लेक माझ्यावरच गेलीय. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलणं ठाम. त्यांनी सांगितलं की कानाच्या आत तोल सांभाळणारी एक जागा असते, तिथं खडूच्या भुकटीसारखे बारीक कण असतात. ते कधीकधी जागा सोडून शेजारच्या नळीत शिरतात. मग मान वळवली की ते घरंगळतात आणि कान सांगतो, तू फिरतेयस. डोळे म्हणतात, नाही. दोघांच्या भांडणात माणूस आडवा होतो.

मी म्हणालो, इतकी वर्षं वाळू आणि खडी उपसलीय, चार खडे कानात जायचेच. डॉक्टरीणबाई हसल्या. ही हसली नाही. तिनं कामाचं तेवढं विचारलं, "म्हणजे माल जागेवरून सरकलाय. परत बसवता येतो?"

येतो, असं त्या म्हणाल्या. औषधानं नाही, डोकं फिरवून. डोकं तर आधीच फिरलंय, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण हिचा चेहरा बघून गिळलं.

तिला खाटेवर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटक्यात मागं आडवं केलं, डोकं खाटेच्या कडेखाली जरासं लोंबतं ठेवून. तिचे डोळे नाचायला लागले. दोन्ही बुबुळं भराभर एका बाजूला सरकत होती, जणू समोरून गाडी पळतेय. ती ओरडली नाही. माझा हात मात्र असा आवळला की पुढं दोन दिवस मला सुईत दोरा ओवता आला नाही. विटा उचलणारा हात आहे तो. मग डॉक्टरीणबाईंनी तिची मान हळूच डावीकडे वळवली, थांबल्या, कुशीवर घेतलं, परत थांबल्या, आणि उठवून बसवलं. असं दोनदा. दुसऱ्या वेळी डोळे फारसे नाचले नाहीत. शनिवारी परत दाखवा, तोवर शिडीला हात लावायचा नाही, आणि मान मात्र ताठ ठेवायची नाही, हलवत राहायची, असं त्यांनी बजावलं. चक्कर आलीच तर आहे तिथं बसायचं आणि एका न हलणाऱ्या गोष्टीकडे बघत राहायचं.

गरगरणं गेलं, भीती राहिली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखी चालायला लागली. मागून हाक मारली तर मान नाही, अख्खं अंग वळवायची. दोन रात्री उशा रचून बसूनच झोपली. आणि मला सगळ्यात लागलं ते हे, की तिनं एक डोळा मिटणं सोडलं. मी मुद्दाम कॅलेंडर वाकडं लावलं. चार इंच वाकडं! तिनं बघितलं आणि चहा करायला गेली.

बुधवारी सकाळी तिनं लेकीला बाजारात पाठवून एक ओळंबा मागवला. आयुष्यातला पहिला. माझ्या शिलाईच्या खोलीत छताला पंख्याचा आकडा आहे, त्याला तो टांगला, समोर स्टूल ठेवलं, आणि दोरीवर नजर रोखून मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. मशीनच्या तोंडासमोर ते लोखंड लटकतंय, मी दर खेपेला उठताना कपाळ आपटून घेतोय. मी चिडून म्हणालो, ही खोली आहे का बांधकाम? ती म्हणाली, "डॉक्टरांनी न हलणारी गोष्ट बघायला सांगितलीय. घरात दुसरी कोण आहे? तुम्ही?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खरं. मला बरं वाटलं.

पण त्याच संध्याकाळी ती पुढच्या दाराच्या तीन पायऱ्या उतरत होती, आणि मधल्या पायरीवर थबकून तिनं चौकट धरली. फक्त क्षणभर. मी मशीनवरून बघितलं. तीन पायऱ्यांना हे, तर तीन मजल्यांना काय? इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मला उंचीची भीती वाटते. घरातला दिवासुद्धा तीच बदलते. लग्नाच्या सव्वीस वर्षांत मी तिचं काम एकदाही वर जाऊन बघितलेलं नाही, खालूनच मान डोलावून येतो. ती रोज वर असते हा विचार मी जन्मभर मशीनच्या आवाजात बुडवून ठेवला होता.

गुरुवारी मी मुकादमाला जाऊन भेटलो. म्हणालो, बाई आता वर चढणार नाहीत, त्यांना जमिनीवरचं काम द्या. त्यानं विचारलं, त्यांनीच सांगितलंय का? मी म्हणालो, हो.

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी तिला परत तसंच आडवं केलं. डोळे स्थिर. परत केलं, तरी स्थिर. कामावर जा, पण कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधून, आणि पहिले काही दिवस सोबत कोणीतरी असू द्या, असं त्या म्हणाल्या. घरी येताना ही वाटेतल्या प्रत्येक भिंतीकडे एक डोळा मिटून बघत आली. दवाखान्याच्या कुंपणाला तिनं रस्त्यातच नापास केलं. मी शेजारून चालत होतो, गुरुवारची गोष्ट पोटात ठेवून. घरी येऊन कामाला बसलो तर एका गिऱ्हाइकाच्या पँटचा पायच खालून शिवून बंद केला. रविवारी ती लेकीला शिडी धरायला लावून गच्चीवर चढली आणि उतरली, पाच वेळा. पाचव्यांदा उतरल्यावर मला म्हणाली, "उद्या सोबत तुम्ही चला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

सोमवारी आम्ही पोचलो तर जिन्यापाशी एक नवा गवंडी थापी घासत उभा. मुकादम गोंधळला. म्हणाला, बाई, तुम्ही तर खालचं काम मागितलंय ना? मास्तर गुरुवारी येऊन सांगून गेले.

ती वळली. फक्त मान वळवून, हे माझ्या लक्षात आलं, अंग नाही. एक डोळा मिटला आणि माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांत तिनं भिंती, पडदे, कोट, पाहुणे सगळं असं बघितलं, मला कधी नाही. आता "पाडा" म्हणणार, अशी माझी खात्री झाली. ती म्हणाली, "चला वर."

जिन्याला अजून कठडा नव्हता. पहिला मजला मी भिंत धरून चढलो, दुसरा चार पायांवर. ती पुढं, पट्टा बांधलेली, दर वळणावर थांबत, घाई न करता. शेवटी परांचीची शिडी होती, ती मी कशी चढलो ते मला खरंच आठवत नाही. वर पोचलो आणि चुकून खाली बघितलं. झालं. रस्ता, झाडं, मुकादमाचं डोकं, सगळं एकात एक कालवून फिरायला लागलं. मी फळीवर बसलो आणि बांबूला मिठी मारली, तिनं त्या दिवशी खांबाला मारली होती तशीच.

"काय होतंय?" तिनं विचारलं.

"सगळं फिरतंय."

"काही फिरत नाहीये. इकडे बघा." तिनं कमरेच्या पिशवीतून ओळंबा काढला आणि भिंतीच्या कडेनं सोडला. वजन डुलत होतं. मी बघत राहिलो. डुलणं कमी झालं, आणखी कमी झालं, थांबलं. माझा श्वास जागेवर आला.

"मला असं होत होतं तेव्हा तुम्ही माझा हात धरलात," ती हळू बोलत होती, खालच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "तिथंवर बरोबर होतं. माझ्या तोंडचं तुम्ही बोलून आलात, तिथं चुकलात. चढायचं का नाही, ते मी ठरवणार."

मला रडू येत होतं. बांबू न सोडता मी खाली तोंड केलं, डोळे मिटून, आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं मुकादमाला सांगितलं की बाईंनी तसलं काही मागितलं नव्हतं, मी खोटं बोललो होतो. खाली कोणी हसलं नाही. मुकादम वर आला, नवा गवंडीही आला. मुकादम म्हणाला, बाई, पाच थर लावा, मग बघू.

तिनं लावायला घेतले. सिमेंटचा माल पसरायचा, वीट ठेवायची, थापीच्या दांड्यानं ठोकायची आणि दोरी सोडायची. दर विटेला दोरी, सगळ्यांच्या देखत. जिनं आयुष्यभर दोरीला हात लावला नव्हता तिला हे किती जड गेलं असेल, ते मला विचारा. नवा गवंडी सगळं बघत होता. चार थर सरळ गेले. पाचवा झाला तेव्हा तिनं दोरी उचलली नाही. उभी राहिली. मान मागं टाकायला लागली.

हीच ती हालचाल. याच हालचालीनं ती इथंच खाली बसली होती. मुकादमानं हात पुढं केला आणि तसाच धरून ठेवला. माझा जीव टांगणीला लागला. तिनं मान पूर्ण मागं टाकली, थांबली, एक डोळा मिटला.

"कडेची वीट दोन सूत आत," ती म्हणाली.

मुकादमानं दोरी सोडली. वजन थांबलं. त्यानं पट्टी लावली. दोन सूत.

तिनं ती वीट स्वतः काढली, माल खरवडला, परत बसवली आणि नव्या गवंड्याला म्हणाली की पलीकडची बाजू त्यानं धरावी, दोघं मिळून बुधवारपर्यंत छताला पोचतील. तो लगेच कामाला लागला. ओळंबा आता तिच्या कमरेला असतोच. आधी नजर, मग दोरी, आणि दोघींचं पटलं तरच पुढची वीट. खाली उतरताना तिला माझा हात धरून मला एकेक पायरी उतरवावं लागलं, आणि ते सगळ्या बांधकामानं बघितलं. मुकादम म्हणाला, आज वर दोन ओळंबे होते, एक दोरीला लटकलेला, एक बांबूला. मी ऐकून घेतलं. तापट असलो तरी कुठं तापायचं ते मला कळतं.

संध्याकाळी ती दमून बसली होती. मी चहा करून दिला आणि दिवसभर मनात राहिलेलं विचारलं, "सकाळी एक डोळा मिटून बघितलंस माझ्याकडे. काय निघालं?"

ती चहा पीत राहिली. कप खाली ठेवला, मान मागं टाकली आणि परत एकदा बघितलं, सावकाश.

"चार सूत बाहेर," ती म्हणाली. "राहू द्या. पाडण्याएवढं नाही."